द्राकोसचं नाव काय ठेवलंत?

९ एप्रिल १९४८
ग्रामोसच्या डोंगराखालून

अगाथी,

मी बरा आहे, तुम्हीही सगळ्या बऱ्या असाल. झालं, पत्राची पहिली ओळ संपली. सगळ्या सैनिकांच्या पत्रात हीच असते, त्यामुळे आमची पत्रं तपासणारा साहेब ती न वाचताच पुढे जातो. आता मुद्द्याचं.

मुलगा! अगं, मुलगा झाला आणि बापाला पाच आठवड्यांनी कळतंय! तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी कानेलाच्या पाठीवर काडतुसांच्या पेट्या बांधत होतो. मी असा काही ओरडलो की ती बिचकली आणि एक पेटी थेट माझ्या पायावर. अंगठा काळानिळा झालाय, पण लंगडत सगळ्या तळाला सांगून आलो. कानेला मजेत आहे. सरकारनं खेचर घेतलं आणि खेचराला हाकायला कोणीतरी हवं म्हणून मलाही घेतलं. कागदावर तिचं नाव आधी आहे, माझं खाली. त्यामुळे दाणा तिला वेळेवर मिळतो, मला मिळतोच असं नाही.

आता नीट ऐक. बाप्तिस्मा माझ्याशिवाय करायचा नाही. पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला, सुट्टी देतो असं सार्जंटनं कबूल केलंय. तोवर आपल्याकडे सगळी बिननावाची पोरं असतात तसा हाही द्राकोस. आपला राक्षस! राक्षस म्हटलं की दृष्ट लावणाऱ्यांची वाचा बसते. नाव काय ठेवायचं याची चर्चाच नको. पहिला नातू म्हणजे आजोबांचं नाव. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, आई त्या नावासाठी झुरतेय. नासोस. पण ते नाव ठेवलं जाईल तेव्हा मला तिथे उभं राहायचंय, आणि त्याला त्या नावानं पहिली हाक मी मारणार. माझा हट्ट समज.

नाक कोणाचं घेतलंय? आपल्या घराण्याचं असेल तर देव त्याचं भलं करो.

तुझा फोतिस


६ मे १९४८
यानिना

अहो,

तुमचं पत्र लिथारीला जाऊन, तिथे कोणीच नाही म्हणून फिरत फिरत इथे आलं. आम्ही आता गावात नाही. सैन्यानं सगळं गाव रिकामं केलं. डोंगरातल्या बंडखोरांना घराघरातून भाकर मिळते, म्हणून घरंच नकोत म्हणे. तासाभरात निघा म्हणाले. सासूबाईंनी भिंतीवरची देवाची तसबीर आणि कपड्यांची छोटी पेटी उचलली, मी बाळ आणि पातेलं. माग तसाच राहिला, त्यावर अर्धं कापड ताणलेलं होतं. इथे शाळेच्या एका वर्गात चार कुटुंबं आहोत, मध्ये चादरी टांगल्यात. आपल्याला खिडकीजवळचा कोपरा मिळालाय, कारण सासूबाईंनी पहिल्या दिवशी तिथे बसकण मारली आणि म्हणाल्या, आता मला हलवून दाखवा.

नाक तुमचंच. मी रडले नाही.

आता सासूबाई सांगतायत तसं लिहिते.

फोतिस, पोरा, मी तुझी आई मालामो बोलतेय. ही बया लिहितेय, काय लिहितेय देव जाणे, मला कुठे वाचता येतंय. पाद्रीबाबा दर रविवारी मागे लागतो, बाप्तिस्म्याशिवाय पोर ठेवू नका, काळ वाईट आहे. मी त्याला सांगितलं, बाप्तिस्म्याशिवाय राहिलं तर देव बघून घेईल, पण बापाशिवाय झाला तर फोतिस मला आयुष्यभर ऐकवेल. तू ये. पायमोजे ओले झाले की लगेच काढ. आणि ती लाल घोंगडी अंगावरून काढू नकोस. तिच्यातली हिरवी ओळ वाकडी गेलीये खरी, पण लोकर चांगली आहे.

(अहो, हिरवी ओळ का वाकडी गेली ते यांना अजून माहीत नाही. त्या दिवशी तुम्ही माझ्या वडिलांकडे चेस्टनटची पोती घेऊन पहिल्यांदा आला होतात. मी मागावर बसले होते. हात कुठे चाललेत ते कोण बघतंय!)

ईस्टरची लाल अंडी यंदा दोनच रंगवली. एक तुमच्या नावानं फोडलं.

अगाथी


११ जून १९४८

अगाथी,

गाव रिकामं झालं हे वाचलं. बंद घर डोळ्यांसमोर येतं. तुतीच्या झाडाखाली कोणी झाडत नसेल. कोंबड्यांचं काय झालं विचारणार होतो, पण नको.

वाकड्या ओळीचं गुपित आधी का नाही सांगितलंस? मी दोन वर्षं समजतोय की तुला विणता येत नाही! घोंगडी अंगावरच असते. इथे जूनमध्येही पहाटे दात वाजतात.

एक काम कर. बाळाचा हात कागदावर ठेव आणि भोवती पेन्सिल फिरव. मला नुसतं 'गोड आहे' वाचून काही दिसत नाही. केवढा आहे? हाताच्या पंजाएवढा, की कोपरापर्यंत? माझ्यासारख्या माणसाला माप लागतं. खेचरावर किती ओझं चढेल हे मी नजरेनं सांगतो, पण माझ्या मुलाचं वजन मला ठाऊक नाही, म्हणजे बघ.

इथे आता मोठं काहीतरी सुरू होणार आहे. रोज शंभर शंभर खेचरं वर जातायत. पत्र लांबलं तर घाबरू नका. पंधरा ऑगस्ट लक्षात आहे ना?

फोतिस


१९ जुलै १९४८

अगाथी,

घाईत लिहितोय. मी धडधाकट आहे, हे आधी वाच.

कानेला गेली. वाटेत तोफगोळा पडला. मी लगाम सोडून पाणी भरायला खाली उतरलो होतो, म्हणून वाचलो. माझ्याबरोबर मेत्सोवोचा स्तेफोस होता, वीस वर्षांचं पोर, अजून मिसरूड नीट फुटलेलं नाही. तोही गेला. तोंडाकडे बघवत नव्हतं. उन्हात तसाच उघडा पडला होता आणि माझ्याकडे घालायला दुसरं काही नव्हतं. तुझी घोंगडी त्याच्यावर घातली. तुला विचारायला हवं होतं, तू विणलेली होती. पण तिथे असतीस तर तूही हेच केलं असतंस. लगेच पुढे जायचा हुकूम आला, त्याला पुरायलाही थांबता आलं नाही.

मला दुसऱ्या तुकडीत टाकतायत, दूरवर. तिथून टपाल कधी निघेल काही सांगता येत नाही. आईला कानेलाचं सांगू नकोस, तिचा फार जीव होता तिच्यावर.

फोतिस


१४ सप्टेंबर १९४८
यानिना

अहो, अहो, अहो!

आज पवित्र क्रुसाचा सण. चर्चमधून आले तर दारात पोस्टमन, हातात तुमचं पत्र. एकोणीस जुलैचं! तुमचंच अक्षर! मी उभ्या उभ्या खाली बसले. शेजारच्या चादरीपलीकडच्या बाया धावत आल्या. कोणी पाणी मारलं, कोणी कांदा हुंगवला.

तुम्ही पाणी भरायला उतरलात. देवा, ती तहान ज्या कोणाला लागली असेल त्याचं कल्याण होवो. घोंगडीचं काय घेऊन बसलात? दहा विणीन. सगळ्या ओळी वाकड्या विणीन.

सासूबाईंना काही सांगा म्हटलं लिहायला. त्या नुसत्या खिडकीकडे तोंड करून बसल्यात. शेवटी म्हणाल्या, त्याला लिही, आई रागावलेली नाही. कशाबद्दल ते मला विचारू नका, मला नाही माहीत.

लगेच पत्र पाठवा. लांबलचक नको, नुसतं 'आहे' लिहिलंत तरी चालेल. दर आठवड्याला पाठवा.

अगाथी


८ ऑक्टोबर १९४८

अगाथी,

'आहे.' घे, लिहिलं. पण आता मी विचारतो.

तुझं पत्र मी सात-आठ वेळा वाचलं. त्यात कांदा आहे, पोस्टमन आहे, शेजारणी आहेत, बाळ नाही. एक ओळ नाही! जूनमध्ये मी पंजा मागितला होता, तोही नाही. पंधरा ऑगस्ट निघून गेला, मी आलो नाही, तरी तू एका शब्दानं रागावली नाहीस. तू! मी बाजारातून उशिरा आलो तरी पातेली आपटणारी. आणि आई म्हणते रागावलेली नाही. माझी आई कधीपासून रागवेनाशी झाली?

बाळाला काही झालंय का? खरं सांग. यानिन्यात पोरांना ताप येतोय असं इथे एकजण म्हणाला. वर्गात चार कुटुंबं, बाप्तिस्मा न झालेलं पोर. माझ्याच हट्टापायी राहिलं ना ते तसं? तुम्ही मला सांभाळून घेताय असं मला वाटतंय. मी सैनिक आहे, मला सगळं सोसतं. नाही, खोटं बोललो, सगळं सोसत नाही. पण तरी सांग.

फोतिस


२ नोव्हेंबर १९४८
यानिना

अहो, काय हे अभद्र लिहिता! तोंडात मीठ घाला.

सोबत पंजा पाठवतेय. करंगळी तुटक आलीये, कारण साहेब कागद खायला बघत होते. दोन दात आलेत, तिसरा येतोय, रात्र रात्र कोणाला झोपू देत नाही. चौथ्या चादरीपलीकडची म्हातारी म्हणते, हा सैन्यात गेला तर शत्रूला जागरणानंच मारेल. गुडघ्यांवर रांगतो. सासूबाईंची काठी ओढून घेतो आणि त्या हसतात. घराण्याचं नाक दिवसेंदिवस मोठं होतंय. झालं समाधान?

मागच्या वेळी मी भांबावले होते. इतक्या दिवसांनी पत्र आलं, काय लिहावं सुचेना, एवढंच.

द्राकोस बरा आहे. बाप्तिस्म्याचं तुम्ही आल्यावर बघू.

सासूबाई म्हणतात: पोरा, जेवतोस का? लोकांचं ऐकू नकोस, कोणी काही सांगितलं तर आधी आम्हाला विचार. आणि डोक्यावर टोपी घाल.

अगाथी


३ जानेवारी १९४९

अगाथी,

आमच्या तुकडीत आपल्या लिथारीचा अपोस्तोलिस आलाय, हे तुला ठाऊक असेलच. पाय बरा होईपर्यंत तो यानिन्यातच होता. मला बघितलं आणि गडी पांढराफटक पडला. मग अशी मिठी मारली की सोडेचना. हुंदके देऊन रडतोय, मी म्हणतो, अरे, एवढं प्रेम होतं तर माझी कुऱ्हाड तीन वर्षांपूर्वी परत द्यायची होतीस! मग बसलो, त्याच्या आईनं दिलेली पालेभाजी भरून भाजलेली पीता खाल्ली. मी बाळाचं विचारलं. तर हा म्हणतो, "वाघ आहे वाघ! पाद्रीनं तीनदा पाण्यात बुडवला, पण हूं की चूं नाही." आणि लगेच जीभ चावली.

तीनदा पाण्यात बुडवला! म्हणजे बाप्तिस्मा झाला. कधी? "ऑगस्टात." नाव काय ठेवलं? तर बूट बघायला लागला. शपथ घातलीये म्हणाला, अगाथीवहिनीनं. मग उठून गेला, तेव्हापासून मला बघितलं की रस्ता बदलतो.

अगाथी, मी मूर्ख आहे का? एकच गोष्ट मागितली होती. एकच! आणि नोव्हेंबरात तू मला लिहितेस, 'तुम्ही आल्यावर बघू'. नासोस ठेवलं असतं तर लपवायचं काय कारण होतं? म्हणजे नासोस नाही. म्हणजे तुझ्या बापाचं नाव! व्हांगेलिस! त्यानं तुम्हाला यानिन्यात पीठ पाठवलं, तेल पाठवलं, अपोस्तोलिसच बोलून गेला, मला सगळं कळतंय. पिठाच्या बदल्यात नाव. आणि माझी आई बिचारी खिडकीकडे तोंड करून बसते, रागावलेली नाही म्हणते. तिला रागवायला तरी ठेवलंय का तुम्ही?

मी इथे बर्फात उभा असतो आणि मनातल्या मनात मुलाला हाका मारतो. नासोस, इकडे ये. नासोस, खाली उतर. आता कळतंय, मी भलत्याच कोणाला तरी हाका मारत होतो. तो वळून बघणार कसा!

काय ठेवलंत नाव? लिही. लिहिणार नसशील तर पत्रच पाठवू नकोस.

फोतिस


२० जानेवारी १९४९
यानिना

अहो,

लिहिते. सासूबाईंना सांगून लिहितेय, त्या शेजारी बसल्यात.

तेवीस जुलैला अपोस्तोलिस कुबड्या घेऊन आमच्या दारात आला. खिशातून लाल कापडाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्यात वाकडी हिरवी ओळ होती. जखमी होऊन डोंगरावरून खाली येताना वाटेत त्यानं कानेला मरून पडलेली बघितली होती, शेजारी घोंगडीखाली माणूस. तोंडावरचं उचलून बघायची त्याची हिंमत झाली नाही. कापला एक कोपरा आणि घेऊन आला. त्याला बोल लावू नका. मीही लावला नाही. माझी वीण मी अंधारातही ओळखेन. मग आणखी काय बघायचं होतं?

देह नव्हता. सासूबाईंनी पेटीतून तुमचं लग्नातलं जाकीट काढलं, वर्गात जमिनीवर पसरलं, आणि चारही कुटुंबांच्या बायका त्याच्याभोवती बसल्या. तीन दिवस रडलो. त्या रडण्याचं आता काय सांगू, तुम्ही जिवंत आहात आणि मला त्याची लाज वाटते. पण खरंच रडलो हो.

मग पाद्रीबाबा म्हणाला, आता तरी बाळाला पाणी लावा. सासूबाई म्हणाल्या, पंधरा ऑगस्टला. तो त्या दिवशी येणार होता. नावाचं मी काढलंच नाही, नासोस ठरलेलंच होतं. तर आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "माझा नवरा सत्तर वर्षं जगला, नातवंडाचं तोंड सोडून सगळं बघून गेला. माझ्या पोरानं काय बघितलं? जो बापावाचून वाढायचाय त्यानं बापाचं नाव घ्यायचं, तशी रीतच आहे." माझ्याशी बोलत होत्या, पण बघत तुमच्या जाकिटाकडे होत्या.

रिवाजाप्रमाणे मी आई म्हणून चर्चला गेले नाही. घरी थांबले. इतर वेळी नाव ठेवलं की पोरं पळत सुटतात, कोण आधी येऊन आईला सांगतो आणि पहिला लाडू पटकावतो. त्या दिवशी एकही पोर पळालं नाही. सगळी चालत आली, दारात रांगेत उभी राहिली. शेवटी शेजारची सहा वर्षांची ओल्गा पुढे आली आणि हळूच म्हणाली, "काकू, फोतिस."

तुमच्या मुलाचं नाव फोतिस आहे.

तुमचे चाळीस दिवस भरले, मयताचा रिवाज म्हणून गहू उकडून तुमच्या नावानं वाटले. आणि मग क्रुसाच्या सणाला पोस्टमन आला.

मी पळत पाद्रीबाबाकडे गेले, म्हटलं बदला. तो म्हणाला, पोरी, एकदा पाण्यात दिलेलं नाव परत घेता येत नाही. आणि इथल्या बाया काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. एका छताखाली बाप-लेक एकाच नावाचे असले की एकाचा दिवा विझतो. कोणाचा, ते काही त्या सांगत नाहीत. मी तुम्हाला कसं लिहिणार होते? तुम्ही तिकडे गोळ्यांत उभे, आणि इकडे आम्ही तुमचं नाव दुसऱ्याला देऊन बसलेलो! सासूबाई तर अजून रात्री उठून तसबिरीपुढे म्हणतात, मी माझ्या पोराला माझ्या तोंडानं मारलं.

आणखी एक सांगते, मग रागवा. लग्नाला तीन वर्षं होतील, मी कधी तुमचं नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं. आपल्याकडे कोणती सून घेते? 'अहो', 'ऐकलंत का', 'ते आलेत का'. आणि आता दिवसातून शंभर वेळा घेते. फोतिस, तोंडातलं काढ. फोतिस, पडशील. फोतिस, झोप आता. पहिले काही दिवस प्रत्येक वेळी नजर दाराकडे जायची. आता नाही जात. आता बरं वाटतं. कधी कधी तो गप्प झोपलेला असतो तरी मी हाक मारते.

माझ्या वडिलांच्या पिठाबद्दल जे लिहिलंत ते मी वाचलंच नाही असं समजते.

अगाथी


२ मार्च १९४९

अगाथी,

तुझं पत्र बर्फावर बसून वाचलं. आधी काहीच झालं नाही. मग हसू आलं. मग असा रडलो की सार्जंट धावत आला, त्याला वाटलं गोळी लागली. आता सगळ्या तुकडीला माहीत आहे. सकाळी हजेरीला माझं नाव पुकारलं की मागून कोणीतरी म्हणतं, "कोण, म्हातारा की बाळ?"

माझ्या चाळिसाव्याच्या गव्हात डाळिंबाचे दाणे घातले होते का? बदाम? मनुका? सगळं सविस्तर लिही, कोणाला आपल्या मयताचं जेवण कसं झालं हे ऐकायला मिळतं! आणि दुकानदार थिमिओस रडला का? त्यानं दोन अश्रू तरी गाळले असतील तर गावी आलो की मिठी मारीन. अपोस्तोलिसला मी गाठलं. म्हणालो, मला पुरलंस, निदान कुऱ्हाड तरी दे. आता कुठे हसला बिचारा.

आईला हे वाचून दाखव. आई, तू मला मारलं नाहीस. बाबांचं नाव तू चार वर्षं मनात जपलंस आणि माझ्यासाठी सोडून दिलंस, हे मला इथे बर्फात बसून कळलं. पुढचा मुलगा नासोस. वचन. रात्री उठून तसबिरीपुढे उभी राहू नकोस, सर्दी होईल.

आणि त्या दिवे मोजणाऱ्या बायांना सांग, फोतिस एकदा जाऊन आलाय. त्याच्यावर रडून झालं, गहू वाटून झाले. जायची पाळी माझी होती, ती मी उरकली. आता दोघांनाही राहायला हरकत नाही.

अगाथी, जानेवारीत लिहिलेलं सगळं चुलीत घाल. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. नाव आता त्याचं आहे, मी परत मागणार नाही. पण तू मारतेस ना हाक, ती मोठ्यानं मार. मला तुझ्या तोंडून माझं नाव ऐकायचंय. युद्ध, सुट्टी, गाव, सगळं राहू दे बाजूला, आत्ता मला एवढंच हवंय, आणि त्यापायी जीव कासावीस होतो.

दोघांतला थोरला,
फोतिस


९ ऑक्टोबर १९४९
लिथारी

अहो,

हे पत्र जुन्याच पत्त्यावर पाठवतेय, दुसरा माझ्याकडे नाही. तुमचं शेवटचं पत्र बारा जुलैचं. त्यानंतर चार लिहिली मी, हे पाचवं.

युद्ध संपलं. यानिन्यात सगळ्या घंटा वाजल्या, लोक रस्त्यात नाचले. मी बाळाला उचलून खिडकीत उभी राहिले. मग रोज कोणी ना कोणी परत येऊ लागलं. अपोस्तोलिसही आला. म्हणाला, ऑगस्टात वित्सीच्या डोंगरावर तुम्हाला बघितलं, डब्यातलं मांस खात होतात आणि शिव्या घालत होतात. त्यानंतर त्याला दुसऱ्या तुकडीत टाकलं, तुमच्या तुकडीचं काय झालं ते त्याला माहीत नाही. तो आणखी काही बोलायला लागला, तशी मी त्याच्यासमोर हात पसरला. म्हटलं, काही आणलंयस का? नाही ना? मग जेवायला बस.

सरकारी कचेरीत दोनदा जाऊन आले. यादीत मेलेल्यांत तुमचं नाव नाही, जखमींत नाही. कारकून म्हणाला, अजून याद्या यायच्यात, बाई. मी म्हटलं, येऊ द्या.

मागच्या आठवड्यात आम्हाला गावी सोडलं. छपराचा एक कोपरा गेलाय, बाकी घर उभं आहे. माग कोणीतरी सरपणाला नेला. सासूबाईंनी आल्या आल्या पेटी उघडली आणि गेल्या वर्षीचा सुतकाचा काळा रुमाल बाहेर काढला. त्यांनी तो टराटरा फाडला, चार फडकी केली आणि मला म्हणाल्या, घे, भांडी पुसायला. मग सांगितलं, लिही:

फोतिस, पोरा, मी एकदा घाई केली. आता कोणी तुझी टोपी आणून दिली, बूट आणून दिले, तरी मी रडणार नाही. तू स्वतः येऊन सांगेपर्यंत तू जिवंत आहेस. उशीर झाला तरी चालेल. आई.

तुम्ही मोठ्यानं हाक मारायला सांगितलं होतंत. यानिन्यात चादरींच्या मध्ये मला ते कधी जमलं नाही, लाज वाटायची. काल संध्याकाळी पाव भाजून झाला आणि हा कुठे दिसेना. दीड वर्षाचा झालाय, चालत नाही, धावतच सुटतो. मी दारात आले. समोर सगळी वाट दिसत होती, खाली पुलापर्यंत, जिथून तुम्ही कानेलाला घेऊन यायचात. सासूबाई मागे उभ्या होत्या, पण मला काही वाटलं नाही. मी छाती भरून हाक मारली, "फोतिस! घरी ये!" पलीकडच्या डोंगरावरून आवाज परत आला. थिमिओस दुकानातून बाहेर आला आणि टोपी काढून उभा राहिला.

तुतीच्या झाडामागून हा आला, दोन्ही हात चिखलानं भरलेले, धावत.

मी हाक दोघांना मारली होती. एक आला.

अगाथी